सोलरची पिन सॉकेटमध्ये खुपसण्याआधी

"मिस्त्री, तुम्हाला फक्त बघायला बोलावलंय. काम काहीच नाही ओ, पिन खुपसायची आणि सुरू." जुळे सोलापुरातल्या एका गिऱ्हाईकानं मार्चमध्ये मला असं सांगितलं. गच्चीवर ५४० वॅटचं एक पॅनेल पाण्याच्या टाकीला सुतळीनं बांधलेलं. खाली हॉलमध्ये ऑनलाइन मागवलेला इन्व्हर्टर, आणि त्याच्यासोबत एक वायर, जिच्या दोन्ही टोकांना पिना. ती वायर मी आधी कापली, मग चहा घेतला.

हल्ली असे फोन वाढलेत. मोबाइलवर जर्मनीतल्या बाल्कन्यांचे व्हिडिओ फिरतात. कठड्याला पॅनेल, सॉकेटमध्ये पिन, बिल कमी. ते खोटं नाही. तिथं मे २०२४ पासून ८०० वॅटपर्यंतचा इन्व्हर्टर आणि २००० वॅटपर्यंतची पॅनेलं साध्या नोंदणीवर लावता येतात, आणि लाखो लोकांनी लावलीत. पण तिथलं यंत्र, तिथलं वायरिंग आणि तिथली सहसा न जाणारी लाइट, हे तिन्ही जमून आल्यावर ती पिन निर्धोक ठरते. आपल्याकडे लाइट जाते, घरोघरी बॅटरीचा इन्व्हर्टर असतो आणि कित्येक जुन्या घरांत अजून किटकॅट, म्हणजे आत बारीक तार घालायचे चिनी मातीचे फ्यूज आहेत. म्हणून सोलापुरातल्या घरात काय काय तपासायचं, ते मी ज्या क्रमानं तपासतो त्याच क्रमानं इथं लिहितो. एका जागी जरी अडलं, तरी पिन बाहेरच ठेवायची.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. ग्रिडच्या, म्हणजे महावितरणच्या तारांवरून येणाऱ्या लाइटला समांतर वीज ढकलणारं कुठलंही यंत्र महावितरणला कळवून, मंजुरी घेऊन आणि नेट मीटर (आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) बसवूनच चालवायचं असतं. पॅनेल एक असो की दहा. "एवढ्याशा पॅनेलला कोण विचारतंय," हे मी रोज ऐकतो. विचारणारा तुमचा मीटरच असतो, ते पुढं येईलच.

खोकं ओळखा

बाजारात "सोलर इन्व्हर्टर" या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी यंत्रं विकली जातात, आणि निम्मा घोळ इथंच होतो.

पहिलं यंत्र स्वतः लाइट तयार करतं. पॅनेल किंवा बॅटरीतून डीसी घेतं आणि २३० व्होल्टचा एसी देतं. याच्या अंगावर भोकांचं सॉकेट असतं, कारण त्यात पंख्याची किंवा टीव्हीची पिन घालायची असते. दुसरं ग्रिड-टाय. ते स्वतःहून काहीच करत नाही. समोर महावितरणची लाइट दिसली की तिच्या तालात ताल मिसळून वीज आत ढकलतं. त्यातून भोकांच्या सॉकेटऐवजी बाहेर पडणारी वायर असते.

ज्याच्या अंगावर भोकांचं सॉकेट आहे, त्या सॉकेटमधून निघालेली वायर भिंतीत कधीही घालायची नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. दोन्हीकडे पिना असलेली वायर लागते ती याच यंत्राला उलटं जोडण्यासाठी. अशा वायरीचं एक टोक आत घातलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट उभे राहतात. लहान मूल असलेल्या घरात ते टोक जमिनीवर लोळतंय, अशी कल्पना करा. लाइट चालू असताना अशी वायर जोडली तर दोन वेगळ्या तालांची वीज एकमेकांवर आदळते आणि यंत्र जागच्या जागी फुटतं. ते नशीब म्हणायचं. लाइट गेलेली असताना जोडली आणि मेन स्विच खाली केला नाही, तर खरं संकट पुढं उभं राहतं.

तुमच्या गल्लीतली डीपी ११ हजार व्होल्टचे घरगुती व्होल्ट करते. पण ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. घराकडून २३० व्होल्ट शिरले तर तोच ट्रान्सफॉर्मर पलीकडच्या तारांवर हजारो व्होल्ट चढवतो. बहुतेक वेळा सगळ्या गल्लीचा लोड अंगावर येऊन इन्व्हर्टर बसतो. पण डीपीवरचा फ्यूज काढून तुमच्याच फेजवर काम चालू असेल, तर लोड हलका असतो आणि तारेवर जीव राहतो. खांबावर चढलेला लाइनमन लाइन बंद आहे म्हणून हात घालतो. जनरेटरवाल्यांनाही हीच गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगत आलोय.

खऱ्या ग्रिड-टायमध्ये यासाठी पहारा असतो, त्याला अँटी-आयलंडिंग म्हणतात. ग्रिडची लाइट गेली की इन्व्हर्टर फार तर दोन सेकंदांत स्वतःला तोडून घेतो. चांगले त्याच्याही आत थांबतात. म्हणूनच याची पिन भिंतीतून उपटली तर पिनांवर वीज टिकत नाही. पण हा पहारा आहे की नाही ते खोक्यावरच्या रंगीत चित्रावरून कळत नाही. मागची पाटी वाचा. आयएस १६२२१ आणि आयएस १६१६९ हे दोन क्रमांक आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक तिथं हवेत. दुसरा आयएस क्रमांक याच पहाऱ्याच्या चाचणीचा आहे. पाटीच नसेल किंवा पाटीवर नुसते वॅट लिहिले असतील, तर माल परत करा. दुकानदार "सगळं आहे हो आत" म्हणतो. आत असतं तर बाहेर छापलं असतं.

बॅटरीच्या इन्व्हर्टरची लाइन सोडा

हा भाग जर्मनीच्या व्हिडिओत सापडणार नाही, कारण तिथं घरोघरी बॅटरीचा इन्व्हर्टर नसतो. आपल्याकडे वायरमननं हॉल, बेडरूम आणि देवघराची लाइन त्या इन्व्हर्टरवर टाकलेली असते. गिझर, एसी, मोटार तेवढी बाहेर.

आता समजा, ग्रिड-टायची पिन हॉलच्या सॉकेटमध्ये आहे आणि भर दुपारी लाइट गेली. बॅटरीचा इन्व्हर्टर लगेच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ द्यायला लागतो. ग्रिड-टायला वाटतं, ग्रिड परत आलं. तो ताल जुळवतो आणि ४०० वॅट आत ढकलायला लागतो. घरात दोन पंखे आणि एक टीव्ही, मिळून २०० वॅटसुद्धा नाहीत. उरलेली वीज जाणार कुठं? बॅटरीच्या इन्व्हर्टरच्या पोटात, उलट्या वाटेनं. ती घ्यायला तो बनवलेलाच नसतो. आतले मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक भाग) जळतात, नाहीतर बॅटरीवर कुणाचा ताबा नसलेलं चार्जिंग चढतं. इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरीचा असेल तर ग्रिड-टाय बहुधा ताल जुळवत नाही. पण हल्लीचे साइन वेव्हवाले अगदी ग्रिडसारखेच दिसतात.

तपासणं सोपं आहे. मेन स्विच खाली करा. ज्या ज्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर अजून चालतोय, ती सगळी इन्व्हर्टरच्या लाइनवर आहेत. तिथं सोलरची पिन नाही. हॉलमधलं सॉकेट सोयीचं आहे, गच्चीची वायर तिथंच उतरते, हे कारण चालत नाही.

तार किती, फ्यूज कसला

८०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला साधारण साडेतीन अँपिअर. आकडा छोटा आहे. पण तो येतो कुठून ते पाहा. एमसीबीला (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या बोर्डातल्या स्विचला) फक्त मीटरकडून येणारा करंट दिसतो. त्याच लाइनवर पुढं सोलर जोडला, तर सोलरचा करंट एमसीबीला न दिसता तारेत मिसळतो. १६ अँपिअरच्या एमसीबीमागच्या तारेतून त्यामुळं साडेएकोणीस अँपिअर वाहू शकतात, आणि एमसीबी शांत बसलेला.

२.५ चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची तार आणि धड एमसीबी असेल, तर एका छोट्या किटचा एवढा बोजा बहुतेक वेळा निभतो. उगाच घाबरवत नाही. पण शहराच्या पूर्व भागातल्या जुन्या घरांत मी काय पाहतो? तळमजल्यावर यंत्रमाग, वर राहती घरं, आणि बोर्डात किटकॅट. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात फ्यूज तारेऐवजी फ्लेक्सिबल वायरचे चार-पाच तांब्याचे तंतू पिळून घातलेले. तो फ्यूज राहिलेलाच नसतो, तो नुसता सांधा असतो. तिथं आधीच तार किती तापते कुणाला माहीत नाही, वर सोलरचा करंट. एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांचा दिवस, तापलेल्या स्लॅबमधून गेलेली तार. तारेची करंट वाहायची ताकद अशा वेळी आणखी कमी होते.

म्हणून माझा आग्रह असा की ग्रिड-टायसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र तार ओढायची. २.५ चौरस मिलिमीटर तांबं, स्वतःचा ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी, आणि त्या तारेवर दुसरं काहीही नाही. मग ती पिन खरं तर पिन राहतच नाही, पक्की जोडणी होते, आणि तेच बरं. एक्स्टेन्शन बोर्ड किंवा मल्टिप्लगमधून तर मुळीच नको. पॅनेल सकाळी नऊपासून चारपर्यंत सलग वीज ढकलत असतं. ढिल्या पकडीच्या सॉकेटमध्ये सलग सहा-सात तास करंट म्हणजे आधी काळपट डाग, मग वितळलेलं प्लॅस्टिक. एकाच बोर्डात दोन-तीन किट लावणारे महाभागही भेटलेत.

आरसीसीबी आणि अर्थिंग

आरसीसीबी म्हणजे लोक ज्याला अजून ईएलसीबी म्हणतात तो, करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच. ३० मिलिअँपिअरचा हवाच, आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्याला एकदा दाबायचं. विकत घेताना "टाइप ए" मागा. साधा "टाइप एसी" इन्व्हर्टरच्या गळतीतला डीसीचा अंश नीट ओळखत नाही. इन्व्हर्टरच्या पुस्तकात याहून वरचा टाइप सांगितला असेल तर तोच घ्या. आणि काही आरसीसीबींवर लाइन आणि लोड अशा खुणा असतात. ते एकाच दिशेनं करंट जाईल असं धरून बनवलेले असतात. सोलर उलटीकडून येतो, म्हणून दोन्ही दिशांना चालणाराच आरसीसीबी घ्या.

अर्थिंगची मात्र आपल्याकडे कमालीची आबाळ आहे. बोर्डात हिरवी तार दिसते, पण तिचं दुसरं टोक कुठं गेलंय ते घरमालकाला माहीत नसतं. वायरमनला मल्टीमीटर लावायला सांगा. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. पावसाळ्यात ठीक येणारे आकडे मेमध्ये बिघडतात, कारण खड्ड्यातली माती कोरडी पडते. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथं अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओता म्हटलं की बायका माझ्याकडे अशा बघतात! तरी उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा बादलीभर ओताच. भांडी धुतलेलं चालतं.

पॅनेलची ॲल्युमिनियमची चौकटही ४ चौरस मिलिमीटरच्या हिरव्या तारेनं अर्थला जोडायची. पत्र्याच्या छपरावर पॅनेल असेल तर हे विसरायचंच नाही.

मीटर काय मोजतो

जुना फिरत्या चकतीचा मीटर उलटा फिरायचा, ही आठवण अजून लोकांच्या डोक्यात आहे. आताचे कित्येक इलेक्ट्रॉनिक मीटर वेगळं वागतात. वीज आत आली की बाहेर गेली, हे न बघता दोन्ही वापर म्हणून मोजतात. म्हणजे दुपारी घरात कुणी नाही, फ्रिज तेवढा चालू, तुमचं पॅनेल ३०० वॅट बाहेर ढकलतंय, आणि ते युनिट तुमच्याच बिलात वाढतायत. एका गिऱ्हाईकाचं बिल सोलर लावल्यावर वाढलं आणि तो पॅनेलवाल्याला शिव्या घालत माझ्याकडे आला होता. नेट मीटर बसल्याशिवाय ग्रिड-टाय चालवण्यात पैशाचाही फायदा नाही.

गच्ची आणि बाल्कनी

विजेच्या नादात लोक वाऱ्याला विसरतात. ५४० वॅटचं पॅनेल साधारण सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरला जरा कमी रुंद आणि २५ ते ३० किलो वजनाचं. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला तर त्यावर जवळपास ११५ ते १२० किलोंचा रेटा बसतो. वळवाच्या पावसाआधी जी वावटळ येते, ती पत्रे उडवते. सुतळी, बाइंडिंग तार, विटांचा आधार यांतलं काही चालत नाही. गॅल्व्हनाइझ्ड अँगल, स्लॅबमध्ये अँकर बोल्ट किंवा काँक्रीटचे ठोकळे, आणि पॅनेलच्या चार जागी क्लॅम्प. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याबाहेर लटकवायचा विचार असेल तर खालच्या रस्त्याकडे एकदा बघून घ्या.

शिवाय बाल्कनीत उभं लावलेलं पॅनेल सोलापुरात तितकं पिकतही नाही. जर्मनीत सूर्य वर्षभर दक्षिणेकडे कललेला, म्हणून उभं पॅनेल तिथं शोभतं. सोलापूर साडेसतरा अंशांच्या जरा वर. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. दक्षिणेकडच्या उभ्या पॅनेलला तेव्हा दुपारचं थेट ऊन मिळतच नाही. गच्चीवर दक्षिणेकडे १५ ते २० अंश कलतं ठेवा. मग ५४० वॅटचं पॅनेल चांगल्या दिवशी दोन-सव्वादोन युनिट देतं. मेमध्ये जास्त ऊन म्हणून जास्त वीज, असंही नाही. पॅनेल ७० अंशांपर्यंत तापलं की ५४० चे साडेचारशेच्या आसपास उरतात. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतलं गार हवेतलं ऊन त्यापेक्षा मानवतं.

सुरू करताना, काढताना

मंजुरी आली, नेट मीटर लागला, वरचं सगळं तपासलं. आता पहिल्यांदा सुरू करताना फ्रिज, टीव्ही, कॉम्प्युटर, सगळ्यांच्या पिना काढा आणि बॅटरीचा इन्व्हर्टर बंद करा. सोलर ज्या बोर्डातून येतो, त्याच बोर्डाच्या दुसऱ्या एका पॉइंटवर साधा बल्ब लावा. इन्व्हर्टर ग्रिड बघून सुरू व्हायला एक ते पाच मिनिटं घेतो, घाई करू नका. भर उन्हात तो वीज द्यायला लागला की मेन स्विच खाली करा. बल्ब लगेच विझला पाहिजे. क्षणभर लुकलुकला तर चालेल, पण दोन सेकंदांपेक्षा जास्त पेटता राहिला किंवा भडकला, तर सोलरचा एमसीबी पाडा आणि तो इन्व्हर्टर पुन्हा लावू नका. मग तासभर चालू देऊन, बंद करून, जोडाच्या जागेला हात लावून बघा. साडेतीन अँपिअरला चांगला सांधा जेमतेम कोमट होतो. हात बसत नसेल तर सांधा ढिला आहे.

काढताना क्रम कधी चुकवू नका. आधी एसीकडचा एमसीबी पाडायचा, मग गच्चीवर जायचं. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही, ती ओढाल तेवढी लांब होते. करंट वाहत असताना एमसीफोर कनेक्टर (पॅनेलच्या तारांचा जोड) ओढला तर बोटं भाजतात, कनेक्टर जळतो. पॅनेलला ऊन लागतंय तोवर त्याला बंद करायचं बटण नसतं. माझी सवय म्हणजे घरातली जाड सोलापुरी चादर दुहेरी घालून पॅनेल झाकायचं आणि मग कनेक्टरला हात लावायचा. एका पॅनेलला ५० व्होल्ट असतात, पण दोन ओळीनं जोडली की १०० होतात आणि ओल्या हाताला ते पुरेसे आहेत.

परवानगीची भानगड नको असेल तर

भाड्यानं राहणाऱ्यांना, गच्ची स्वतःची नसणाऱ्यांना मी वेगळी वाट सांगतो. घरात बॅटरीचा इन्व्हर्टर आहेच ना? पॅनेल थेट त्या बॅटरीला सोलर चार्ज कंट्रोलरमधून जोडा. भिंतीत पिन घालायची नाही, ग्रिडकडे काही जात नाही. बॅटरी उन्हावर भरते. मुख्य लाइट असतानाही सोलरला पहिला मान देणारे कंट्रोलर मिळतात, त्यानं बिलातही थोडा फरक पडतो.

यात दोन चुका नेहमी होतात. १२ व्होल्टच्या एका बॅटरीला स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावून ५४० वॅटचं पॅनेल जोडतात. तो पॅनेलचे १३ अँपिअर तसेच बॅटरीच्या १३ व्होल्टवर देतो, म्हणजे हातात १७० वॅट. बाकीचं पाण्यात. मोठ्या पॅनेलला एमपीपीटी, म्हणजे जास्तीचे व्होल्ट चार्जिंगच्या करंटमध्ये बदलणारा कंट्रोलर घ्या, आणि पॅनेलच्या ५० व्होल्टना तो पुरतो का ते पाटीवर बघा. नाहीतर १६० ते २०० वॅटचं, १२ व्होल्टसाठीच बनवलेलं पॅनेल घ्या आणि साधा कंट्रोलर लावा. १५० एएचच्या बॅटरीला १५ अँपिअरच्या आसपास चार्जिंग मानवतं, कंट्रोलरची मर्यादा तिथंच बांधा. दुसरी चूक, बॅटरीच्या पॉझिटिव्हवर फ्यूज न घालणं. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर तो लाल होतो, तार तर कागदासारखी पेटते. फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवा. आणि बॅटरी बंद कपाटात नको, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.

स्वतःची गच्ची असेल तर मात्र किटच्या नादाला लागूच नका. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची अट २०२४ मध्ये काढून टाकली. अपार्टमेंटवाल्यांना लिफ्ट आणि पाण्याच्या मोटारीसाठी सोसायटीच्या नावावर किलोवॅटला १८ हजार मिळतात. ऑनलाइन किटला यातला एक रुपयाही मिळत नाही.

काहीही बसवलं तरी शेवटी मेन बोर्डावर एक कागद चिकटवा, वर पारदर्शक टेप मारा: "या घरात सोलर आहे. काम करण्याआधी मेन आणि सोलर, दोन्ही बंद करा." खाली सोलरचा एमसीबी कुठं आहे ते लिहा. पुढच्या वेळी बोर्ड उघडणारा वायरमन मीच असेन असं नाही.